मन्मथअप्पांना शांत म्हणू नका

शिरूर अनंतपाळच्या चौकात मन्मथअप्पांचा श्रद्धांजलीचा बॅनर लागला होता. मी लातूरहून स्कूटीवर आले, हेल्मेट काढलं आणि भर रस्त्यात उभी राहून तो वाचला. डोकं अप्पांचं होतं. खालचं धड कुण्या नवरदेवाचं होतं, निळा कोट, लाल टाय आणि खिशाला रुमाल. ज्या माणसाच्या सदऱ्याचं वरचं बटण मी जन्मात लावलेलं पाहिलं नाही, त्याला मेल्यावर टाय बांधली होती. मागं बर्फाचे डोंगर. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'शांत, संयमी व मितभाषी व्यक्तिमत्त्व'.

माझं डोकंच फिरलं. मितभाषी म्हणे. अप्पा रानात बोलायला लागले की हमरस्त्यावरच्या माणसाला वाटायचं, आपल्यालाच कुणीतरी हाक मारतंय. शोकसभाही बॅनरवाल्यांनी मंगल कार्यालयाच्या एसी हॉलमध्ये ठेवली होती. दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि एक गृहस्थ माइकवर सांगत होते की अप्पांनी उभ्या आयुष्यात कुणाशी वाद घातला नाही. मी मागच्या रांगेत बसून दात ओठ खात होते. अप्पा भावकीशी भांडले, वीजवाल्यांशी भांडले, माझ्या हेडमास्तरांशी भांडले. वारं सुटलं नाही म्हणून खळ्यावर उभं राहून वाऱ्यालाही त्यांनी शिव्या दिलेल्या मी ऐकल्यात. मेल्यावर माणसाला गुळगुळीत करून टाकायची ही जी आपल्याकडची रीत आहे, तिचा मला मनस्वी राग येतो. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी मूळची नांदेडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक शिरूरला मिळाली. खोली शोधत गावभर फिरले. खोल्या खूप होत्या. पण आमचं घर बौद्ध, त्यामुळे आडनाव सांगितलं की ती खोली नेमकी कालच भाड्यानं गेलेली असायची. एका घरात तर माझ्यासमोर खोलीला कुलूप लावून मला सांगितलं की आत माणसं राहतात. मी परत नांदेडच्या गाडीत बसायच्या विचारात होते. तेवढ्यात कुणीतरी मन्मथअप्पांचं नाव सांगितलं.

अप्पा अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होते. पन्नाशीचा उंच, काळा, उन्हानं रापलेला माणूस. मी आधीच आडनाव सांगून टाकलं, म्हणजे नकार मिळायचा तो लवकर मिळेल. त्यांनी दोरीवरची नजर काढली नाही. "डास चावतेत का तुमाला?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, चावतात. "मग मच्छरदानी घेऊन या. उन्हाळ्यात कुणी आत झोपलेलं मला चालत न्हाई. भाडं काकूला इचारा, मला त्यातलं काय कळत न्हाई."

काकू म्हणजे त्यांची बायको महानंदा. काकूंनी पहिले काही महिने मला पाण्याचा तांब्या वेगळा दिला, तेही इथं लिहायलाच हवं. तांब्या पुढं कधी एक झाला ते मला नक्की आठवत नाही. अप्पांनी त्याबद्दल काकूंना माझ्यासमोर कधी शब्दानं टोकलं नाही. मला तेव्हा त्याचाही राग आला होता.

त्यांचं घर पक्कं होतं, तीन खोल्यांचं, स्लॅबचं. पायाचे खड्डे त्यांनी स्वतः खांदले, मुरूम स्वतः ओढला, भिंतींवर पाणी मारायला शेतातून दिवसातून तीनदा सायकल हाणत आले. सगळं काकूंसाठी. काकूंचं सगळं आयुष्य पत्र्याखाली गेलं होतं आणि त्यांना स्लॅब हवा होता. वास्तू झाली, पाहुणे जेवले, काकू नव्या पंख्याखाली आडव्या झाल्या आणि अप्पा बाज उचलून अंगणात. त्या घरात ते कधी झोपलेच नाहीत. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली बाज सरकवायची आणि वर ताडपत्री टाकायची. काकू म्हणायच्या, "माझं लगीन मानसाशी झालंय का आंब्याच्या झाडाशी, त्येच कळंना."

आणि एकटे बाहेर राहिले असते तर एकवेळ ठीक होतं. पण ह्या माणसाला एकट्यानं काही करताच येत नसे. बायको हवी, पोरं हवीत, भाडेकरू हवी. काकूंची मालिका ऐन रंगात आली असताना ते बाहेरून ओरडायचे, "भित्तीला काय इचारायलाव? भाईर या." कुणी ऐकलं नाही तर टीव्हीचं बटण बंद करून जायचे. शिवराज आणि संगीता, त्यांची दोन्ही पोरं, अभ्यास लिंबाखाली करायची. आजारी पडलं तर औषधाआधी ऊन. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अप्पांनी त्यांची बाज रोज चौघांना बोलावून अंगणात आणवली. डोक्याला तेल लावलं, वेणी घातली, आणि त्या शिव्या देत असताना त्यांच्याच शेजारी बसून तूर निवडली. काकूंना बाहेर यायचं नव्हतं हे खरंच होतं. अप्पांच्या प्रेमाला कुणाची परवानगी लागत नसे, हा त्यांचा मोठा दोष होता. तो मी लपवणार नाही.

कामाला मात्र त्यांचा हात कुणी धरला नसता. स्वतःची पाच एकर जमीन, ती करून झाली की सुगीच्या दिवसांत गावभर मळणीयंत्रावर उभे. सोयाबीनचं, तुरीचं, हरभऱ्याचं कापलेलं पीक यंत्रात लोटायचं काम त्यांचं. नाकाला फडकं बांधा म्हणून मी कितीदा सांगितलं. "फडकं बांधलं की घरात बसल्यावानी वाटतंय," म्हणायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर, कानात सगळा भुस्सा. खोकायचे, हसायचे, अंगणातच आंघोळ करायचे. त्या भुश्शानं पुढं काय केलं ते सांगतेच.

विहिरीची गोष्ट मात्र आधी सांगते. अप्पांनी गल्लीतल्या सगळ्या पोरांना पोहायला शिकवलं होतं, पोरींनाही. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. एका उन्हाळ्यात ते माझ्यामागं लागले. "बाई, नांदेडला गोदावरी असून तुमाला पवता येत न्हाई, हे कुणाला सांगू बी नका." मी सत्तावीस वर्षांची शिक्षिका, पंजाबी ड्रेसवर डबा बांधून त्यांच्या शेतातल्या विहिरीच्या पायरीवर थरथरत उभी. संगीता आधीच पाण्यात होती. अप्पांनी मला ढकललं नाही. तेवढा मान ठेवला. मी स्वतःच घसरले.

आठवडाभरात मला बऱ्यापैकी हातपाय मारता यायला लागले. आणि मग अप्पांचा चुलतभाऊ आला. विहिरीत त्याचा निम्मा वाटा. तो अप्पांना बाजूला घेऊन म्हणाला की बाईमाणसानं असं उघड्यावर पोहणं बरं दिसत नाही. संगीता पोहायची तेव्हा ते बरं दिसत होतं. गल्लीतल्या दहा पोरी पोहायच्या तेव्हाही बरं दिसत होतं. त्याला काय म्हणायचं होतं ते त्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि विहिरीच्या काठावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. मी ओले कपडे पिळत उभी होते. असा राग मला आधीही खूपदा आला होता, पण तो गिळायची सवय लहानपणापासून लागलेली होती.

अप्पांना ती सवय नव्हती. ते त्याला बाजूला वगैरे न घेता मोठ्यानं म्हणाले, "गेल्या साली हितं बेंडूक मरून फुगला व्हता. तू हातानं काढलास आन् त्याच दिशी घागर भरून नेलीस. काय झालं न्हाई तुला. ही बाई तर जिती हाय."

चुलतभाऊ म्हणाला, "तसं न्हाई मन्मथ, लोक बोलायलेत."

"लोकाला म्हणावं, हितं येऊन बोला. मी दिसभर हितंच असतोय."

तो पुढं वर्षभर अप्पांशी बोलला नाही. मोटारीच्या पाळीवरून दोघांत कज्जे झाले, बांधावरून झाले. हेडमास्तरांनी मला बोलावून 'शिक्षिकेला शोभेल असं' वागायला सांगितलं, तर अप्पा चिखलाच्या पायांनी थेट ऑफिसात गेले आणि त्यांनाही पोहायला येण्याचं आमंत्रण देऊन आले. शांत, संयमी. शोकसभेत तो चुलतभाऊ पहिल्या रांगेत होता आणि डोळे पुसत होता. खरं रडत होता की नाही, मला ठाऊक नाही.

शिवराज बारावीला लातूरला गेला. त्या काळात आमच्याकडं पोरगं जरा हुशार निघालं की त्याला लातूरला क्लासला टाकायचे, अजूनही टाकतात. एका खोलीत चार कॉट, खिडकीबाहेर दुसऱ्या होस्टेलची भिंत, आणि पहाटेपासून अभ्यास. मला ह्या प्रकाराचा आधीपासून तिटकारा आहे. पोरं वर्षभरात पांढरीफटक पडतात आणि आईबाप त्याचं कौतुक करतात. अप्पा दर रविवारी एसटीनं भाकरी घेऊन जायचे. होस्टेलवाला म्हणायचा, पालकांनी हॉलमध्ये बसून भेटायचं. अप्पा पोराला उचलून बाहेर काढायचे. रिंगरोडच्या कडेला एक बाभळ होती, तिच्याखाली पटका अंथरायचे आणि बापलेक तिथं धुळीत बसून जेवायचे. समोरून ट्रक जायचे. शिवराजला लाज वाटायची, त्याच्या क्लासची पोरं बघायची. पण एका रविवारी अप्पा तापानं जाऊ शकले नाहीत, तेव्हा पोरगा एकटाच त्या बाभळीखाली जाऊन बसला होता. हे त्यानंच मला पुढं सांगितलं.

तोच शिवराज आता लातूरला फिजिक्स शिकवतो, एका मोठ्या क्लासमध्ये. त्या वर्गाला एकही खिडकी नाही. मी मुद्दाम जाऊन पाहिलंय. पोरगा वाईट नाही. बापावर जीव टाकणारा आहे. पण भीतीपोटी माणसं काय काय करतात, आणि त्याला काळजी म्हणतात.

झालं असं की तुरीच्या रानात अप्पा चक्कर येऊन पडले. एकटे होते. सकाळी कधीतरी पडले आणि दिवस कलल्यावर काकूंनी पाठवलेल्या माणसाला सापडले. फुफ्फुसं गेली होती. इतक्या वर्षांचा भुस्सा आत बसला होता. डॉक्टरांनी शिवराजला सांगितलं, धूळ नको, रान नको, थंडी नको. शिवराजनं बापाला आणि आईला उचललं आणि लातूरच्या आपल्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. तोवर माझीही बदली लातूरला झाली होती, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

काकू खूश होत्या. संगमरवरी फरशी, नळाला चोवीस तास पाणी, नातवंडं. अप्पा सोफ्यावर बसायचे तेव्हा दवाखान्यात नंबरची वाट बघत बसल्यासारखे दिसायचे. पहिल्या आठवड्यातच त्यांनी कुठून तरी बाज मिळवली आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये टाकली. दोन गाड्यांच्या मधे, जिथून थोडं आभाळ दिसायचं तिथं. सोसायटीच्या सेक्रेटरीनं ग्रुपवर मेसेज टाकला की पार्किंग ही झोपण्याची जागा नसून अशा प्रकारांमुळे फ्लॅटचे भाव पडतात. एका म्हाताऱ्याच्या बाजेनं ह्यांचे भाव पडत होते. तिथंच बिल्डिंगमधली पोरं रात्रंदिवस हॉर्न वाजवत गाड्या फिरवायची, त्यानं काही पडत नव्हतं. शिवराजनं मान खाली घालून बाज उचलली. मी त्याला म्हणाले, तू सेक्रेटरीला दोन शब्द का नाही सुनावलेस? तो म्हणाला, "बाई, इथं राहायचंय मला."

मग अप्पा पळाले. खरोखरच पळाले. सून अंघोळीला गेली होती, दार उघडं होतं. बनियनवर, पायात सुनेच्या चपला, असे ते रिक्षानं बसस्टँडला पोहोचले आणि शिरूरवरून जाणाऱ्या निलंग्याच्या गाडीत खिडकीशी जाऊन बसले. गाडी सुटायच्या आधीच त्यांना धाप लागली. ओठ निळे पडले. कंडक्टरनं त्यांना उतरवून बाकावर निजवलं आणि अप्पांच्याच फोनवरून शिवराजला बोलावलं. त्यानंतर दहा दिवस दवाखाना, आणि घरी आले ते ऑक्सिजनचं मशीन घेऊन. विजेवर चालणारं, बैलाएवढा आवाज करणारं. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक मशीनला. नळी जिथवर पोहोचेल तेवढं त्यांचं रान.

त्या दिवसापासून फ्लॅटच्या बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप लागायला लागलं. घरात कुणी असलं तरी. मी शिवराजला तोंडावर बोलले. म्हणाले, जनावराला सुद्धा दावं जरा लांब सोडतात. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. तो म्हणाला, "बाई, तुरीत ते अर्धा दिवस पडून होते. मला ते दिसतं." मला त्याची दया आली नाही असं नाही. पण माझा राग काही कमी झाला नाही.

अप्पा मला दर वेळी एकच मागायचे. "बाई, तुमी सांगून बगा शिवराजला. एकदा रानात न्या म्हणावं. बसतो न्हाई तर निजतो, पर भाईर." मी सांगायचे. शिवराज डॉक्टरांना विचारायचा. डॉक्टर नाही म्हणायचे. मशीनला वीज लागते, रानात वीज कुठली, धुळीनं जीव जाईल. प्रत्येकाचं म्हणणं बरोबरच होतं. बरोबर असणाऱ्या माणसांचा जेवढा संताप येतो तेवढा चुकणाऱ्यांचाही येत नाही.

अशात येळवस आली. लातूरबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आम्ही तिला येळवस म्हणतो. मी नांदेड शहरातली, मलाही शिरूरला येईपर्यंत ती नीट माहीत नव्हती. त्या दिवशी इकडचा माणूस घरात राहत नाही. गाव, शहर, बाजार, सगळं बंद, आणि सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि तिथंच जेवायचं. शेंगा, भाज्या, डाळी घालून केलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, खीर, आणि मडक्यात ताकात आंबवलेली आंबील. ज्याला रान नाही त्याला रानवाला बोलावतो. आंबील पिऊन माणसं झाडाखाली पेंगतात, पोरं हुंदडतात.

हा सण जणू अप्पांसाठीच काढलेला होता. अख्खं जग त्यांच्या मनासारखं वागायचा तो एकच दिवस. त्यांचं रान हमरस्त्याला लागून, तर अप्पा रस्त्यात मधोमध उभे राहून एसटी थांबवायचे. ड्रायव्हर, कंडक्टर, पॅसेंजर, सगळ्यांना उतरवून पंगतीला बसवायचे. एकदा देगलूरकडचे एक वकील कामाची घाई आहे म्हणून फार चिडले. अप्पांनी त्यांची बॅग काढून घेतली आणि हातात आंबिलीचं वाडगं दिलं. वकील दुसरं वाडगं पिऊन चिंचेखाली असे झोपले की गाडी निघून गेली तरी उठले नाहीत. अप्पांनी त्यांना संध्याकाळी मोटारसायकलवर नेऊन सोडलं. काकू म्हणाल्या, "दुसऱ्याचं नुकसान करून जेवू घालायची ही कुठली रीत?" अप्पांना त्यात नुकसान कुठं झालं तेच समजलं नाही.

त्यांच्या शेवटच्या येळवशीला मी ठरवलं की अप्पांसोबत बसायचं. घरचे अप्पांना नेणार नाहीत हे दिसतच होतं. सून नाहीतर काकू घरी राहतील, तर आपण जावं, म्हणजे त्यांनाही जरा मोकळीक. दुपारी स्कूटी काढली. लातूरचे रस्ते ओस पडले होते. बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. वॉचमनसुद्धा कुणाच्या तरी रानात जेवायला गेलेला. तिसऱ्या मजल्यावर गेले तर जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप.

आधी वाटलं, अरे वा, नेलं वाटतं अप्पांना. मी वळणार, तेवढ्यात आतून मशीनचा आवाज ऐकू आला.

मी बेल दाबली. बराच वेळ लागला. आतलं लाकडी दार उघडलं आणि जाळीमागं अप्पा उभे. नाकात नळी, ती मागं खोलीपर्यंत ताणलेली. सदरा धुतलेला, कपाळाला भस्म. अंगाचा पार सांगाडा झाला होता.

"या बाई," ते म्हणाले. "बसा म्हणलं असतं, पर किल्ली शिवराजजवळ हाय."

मला पुढचं दिसेना. आजारी माणसाला ऑक्सिजनवर, एकटं, कुलपात घालून सगळं घर येळवस करायला गेलं होतं. मी फोन काढला. शिवराजला काय काय बोलायचं ते सगळं ओठावर आलं होतं, इतक्या वर्षांचं.

"फोन लावू नका," अप्पा म्हणाले.

"का नको? लाज वाटायला पाहिजे त्याला."

"मीच लावायला लावलंय कुलूप."

मी फोन खाली घेतला. ते चौकटीला धरून उभे होते आणि दर चार शब्दांनंतर थांबत होते. "सून म्हणली मी थांबते. महानंदा म्हणली मी थांबते. शिवराज म्हणला मग कुणीच जायला नगं, हितंच टेरेसवर करू. टेरेसवर येळवस." त्यांना हसू आलं आणि त्याचा खोकला झाला. "पोरं आठ दिस झालं कोप कोप करायलीत. म्हणलं, सगळे जावा. मला ठेवा. तर शिवराज म्हणला, अप्पा, तुमी पळसाल. म्हणलं, मग कुलूप लाव. माझा मलाच भरवसा न्हाई. दार उघडं दिसलं की माझे पाय ऐकत न्हाईत."

"आणि वीज गेली म्हणजे?"

"शिलेंडर हाय."

"आग लागली तर?"

"आता तुमी आलाव की."

मग मात्र मी त्यांच्यावर ओरडले. शिवराजसाठी, सेक्रेटरीसाठी, डॉक्टरसाठी जमवलेलं सगळं त्यांच्यावर काढलं. म्हणाले, महिनोन्महिने रानात न्या म्हणून जीव खाताय, आणि आज, आजच्या दिवशी, स्वतःला कोंडून घेताय? हट्ट करायचा होता तो आज करायचा होता. नेलं असतं त्यांनी. चार माणसांनी उचलून, सिलिंडर घेऊन, कसंही नेलं असतं. तुम्ही आयुष्यभर सगळ्यांना ओढून बाहेर काढलंत, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा असं गप बसलात? जिन्यात माझा आवाज घुमत होता. ऐकायला अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणी नव्हतं.

त्यांनी मला संपू दिलं. मग म्हणाले, "मी गेलो असतो तर सगळे माज्याकडं बगत बसले असते. श्वास हाय का, नळी निगाली का. पोरं रानात जाऊन बी माज्याभवतीच बसली असती, घरातल्यावानी." ते थांबले. "आता आंब्यावर चढली असतील."

शिवराज रिंगरोडवरून दोनदा माघारी फिरला होता, हे मला नंतर समजलं. दोन्ही वेळा अप्पांनी फोनवर सांगितलं, आलास तर मी जेवणार नाही. पण त्या वेळी मला हे काही माहीत नव्हतं. मी जाळीला धरून उभी होते आणि मला रडायचं नव्हतं.

"जेवलाव का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, मला नको.

"येळवशीला माझ्या दारातून कुणी तसं गेलं न्हाई," ते म्हणाले आणि नळी गोळा करत आत गेले. काकूंनी त्यांच्यासाठी सगळं करून ठेवलं होतं. त्यांनी ते सगळं दाराशी आणलं, एकेक करून, दर खेपेला थांबून. जाळीच्या गजांमधून ताटली जाईना. मग त्यांनी उंडे हातानं दिले, भज्जी पोळीत गुंडाळून दिली. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि रागारागानं जेवायला लागले. त्यांनी दाराच्या आत फरशीवर बसकण मारली आणि मी जेवते की नाही ते बघत राहिले. मी त्यांना म्हणाले, तुम्हीही खा. त्यांनी अर्धा उंडा मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"बाजरी जुनी हाय," म्हणाले. "भाईर कसं हाय आज? हारबरा घाट्यावर आला का?"

मी म्हणाले, रस्त्यानं दिसला, आलाय. खरं तर मी शहरातल्या शहरात आले होते आणि मला कुठंच हरभरा दिसला नव्हता.

"आला पायजे," ते म्हणाले.

मग त्यांनी स्टीलच्या पेल्यात आंबील ओतली. पेला गजांमधून बरोबर जात होता. मी उठून तो घेतला. जिन्यावरच्या खिडकीची काच फुटलेली होती आणि तिकडून वारं येत होतं, थंड, संध्याकाळकडं झुकलेलं. मी तिथंच उभी राहून आंबील प्यायले. पेला परत द्यायला वळले, तर अप्पांनी हात आत घेतलेलाच नव्हता. डोळे मिटून, डोकं गजांना टेकवून ते बसले होते आणि हात कोपरापर्यंत जाळीच्या बाहेर तसाच धरला होता, वाऱ्याकडं पंजा उघडा करून.